विनी पिलिंगचा रिकामा खुबा

विनिफ्रेड पिलिंगच्या उजव्या खुब्यात काहीही नव्हतं. त्या काही नसण्याचा फोटो मी सव्वीस वर्षं, दर मे महिन्यात, नेमाने काढला.

आमचं हॉस्पिटल इंग्लंडात, लँकशरमधल्या एका गावाबाहेर टेकडीवर होतं. पूर्वी तिथं क्षयाचे रोगी ठेवत, त्यामुळे खिडक्या मोठ्या आणि थंडी भरपूर. मी १९६६ साली तिथल्या एक्स-रे विभागात लागले. माझं आडनाव जोग. इंग्रजीत त्याचा अर्थ संथ पळणे असा होतो. लंगडत आलेल्या माणसाला 'सरळ जा, डावीकडे मिसेस जोग बसतात' असं सांगताना चौकशीच्या खिडकीतल्या बाईचा चेहरा जराही हलत नसे. लँकशरची माणसं अशीच. विनोद करतात तेव्हा अंत्ययात्रेला आल्यासारखी दिसतात, आणि अंत्ययात्रेनंतरच्या चहाला डुकराच्या मांसाचा हॅम चांगला आहे की नाही याची चर्चा करतात.

विनी चौदाव्या वर्षी सूतगिरणीशेजारच्या साचेखात्यात, म्हणजे साच्यांवर कापड विणण्याच्या खात्यात, लागली. पुढे ती एकटी सहा साचे सांभाळायची. साचेखात्यात आवाज इतका, की शेजारीण कानाशी ओरडली तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता, नुसते ओठ मोठे मोठे हलवून बोलत. हॉलच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी नवऱ्याच्या तक्रारी करायची, आणि मुकादम मधोमध उभा राहिला तरी त्याला काही पत्ता नसे. तीसेक वर्षांत विनीला ओठ वाचायची इतकी सवय झाली की रस्त्यापलीकडून दोन माणसं काय बोलतायत ते ती सहज सांगायची. ते ऐकण्यासारखं क्वचितच असायचं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिचा खुबा दुखायला लागला. सांध्याची झीज. बावन्नाव्या वर्षी तिला खाली वाकून मोजे घालता येईनात. झोपायची ती खुर्चीत, कारण पलंगावर कूस बदलली की जीव जायचा. तिचा नवरा स्टॅन्ली बसवर कंडक्टर होता. गिरणी सुटली की ती त्याचीच बस पकडायची, आणि पायरी चढता येत नसल्यामुळे तो तिला काखेत हात घालून वर उचलायचा. एका प्रवाशाने कंपनीला पत्र लिहिलं की हा कंडक्टर बायकांना उचलतो. साहेबाने बोलावून विचारलं. स्टॅन्ली म्हणाला, "एकीलाच उचलतो. आणि ती माझीच आहे."

१९६४ साली ती आमच्या हॉस्पिटलच्या सर्जनकडे, मिस्टर थॉर्नबरांकडे आली. खुब्याचा झिजलेला गोळा कापून तिथं दांड्यावर बसवलेला स्टीलचा गोळा घालायचा, त्याच्यावर प्लॅस्टिकची वाटी, आणि दोन्ही सिमेंटने घट्ट करायचं, हे काम तेव्हा नवं होतं. थॉर्नबर उंच, कृश आणि कमी बोलणारे. त्यांनी विनीला तपासलं आणि म्हणाले, "तुम्ही चोपन्नच्या आहात. साठी उलटली की या."

"तोपर्यंत काय करू?"

"काठी घ्या."

"काठी आहे. एका हातात काठी धरली तर सहा साचे कुठल्या हाताने सांभाळू?"

थॉर्नबरांनी पेन खाली ठेवलं. "मिसेस पिलिंग, ही वाटी दहा वर्षं टिकेल असं मला वाटतं. पण वाटणं वेगळं, माहीत असणं वेगळं. म्हणून मी म्हाताऱ्या माणसांना घालतो. वाटी जायच्या आत ती जातात."

"मग तुम्हाला माहीत कधी होणार?"

त्यांनी थोडा विचार केला. "तुमच्यासारखं कुणीतरी बरीच वर्षं चालून दाखवेल तेव्हा."

"मग घाला," विनी म्हणाली. "दाखवते."

वॉर्डात तिच्या समोरच्या पलंगावर ॲग्नेस हॅलिवेल होती. तीही साचेवाली, दुसऱ्या गिरणीतली, विनीच्याच वयाची. दोघींचं ऑपरेशन एकाच आठवड्यात झालं, एकाच हाताने, एकाच बनावटीचा खुबा घालून. तीन आठवडे दोघींना हलायची परवानगी नव्हती. त्या पडल्या पडल्या वॉर्डाच्या या कडेहून त्या कडेला बिनआवाजी गप्पा मारायच्या. सिस्टर म्हणायची, या दोघी किती शांत बायका आहेत.

एका सकाळी थॉर्नबर राउंडला आले. दारापाशीच थांबून ते सिस्टरशी हळू आवाजात काही बोलले. विनीने ते वाचलं आणि ॲग्नेसला कळवलं. ॲग्नेस उशीत तोंड खुपसून हसायला लागली. थॉर्नबर विनीपाशी आले तेव्हा ती म्हणाली, "सात नंबरची बाई जाडी आहे, हे कबूल. पण बोलते फार हे तुम्ही कशावरून म्हणालात? आल्यापासून मी तोंडातून आवाज काढलेला नाही."

थॉर्नबर त्यानंतर तिच्या वॉर्डात पाठ करून बोलायला लागले.

ऑपरेशन उत्तम झालं. दहा आठवड्यांनी विनी आपल्या पायांनी बस चढली. मुद्दाम दुसऱ्या कंडक्टरची. स्टॅन्लीला ते जरा लागलं. ऑगस्टात गिरण्या आठवडाभर बंद असतात आणि सगळं गाव समुद्रावर ब्लॅकपूलला जातं. तिथल्या नाचघरात विनी स्टॅन्लीबरोबर सलग चार नाच नाचली. ॲग्नेस आणि तिचा नवराही होते. घरी येताना दोघींनी ठरवलं की दरवर्षी तपासणीला एकत्रच जायचं.

पुढे सासष्टच्या शरदात विनीच्या जांघेत पुन्हा दुखायला लागलं. पूर्वीसारखं नव्हे. पूर्वी चालताना दुखायचं, हे बसल्या जागी दुखत होतं. मग ताप आला, आणि जानेवारीत जुनी जखम एका जागी उघडून वाहायला लागली.

फेब्रुवारी सदुसष्टमध्ये तिचा फोटो मी काढला. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. फिल्म अजून ओली होती. ती घेऊन मी शिशाच्या काचेमागे आले आणि थॉर्नबरांना बोलावलं. त्यांनी ती उजेडावर धरली. सिमेंटच्या भोवती, खालपासून वरपर्यंत, काळी रेघ होती.

"पू झालाय," ते मला म्हणाले. "सगळं काढावं लागेल."

ते बाहेर गेले. टेबलावरून विनीने विचारलं, "सगळं म्हणजे सिमेंटसकट?"

थॉर्नबरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तर आतच होते, मी काय बोलणार.

"काचेतून दिसतं, डॉक्टर," विनी म्हणाली. "पोरीला बोलू नका."

ते स्टुलावर बसले. एवढा उंच माणूस त्या बुटक्या स्टुलावर बसल्यावर गुडघे छातीशी आले. "मिसेस पिलिंग, दुसरा लगेच बसवता येणार नाही. बसवला तर त्यातही पू होईल. जागा रिकामी ठेवावी लागेल. पाय आखूड होईल."

"असं तुम्हाला वाटतं, की माहीत आहे?"

"माहीत आहे."

"बरं," ती म्हणाली. मी फिल्म वाळत घातली.

खुबा काढला. सहा आठवडे पायाला वजन लटकवून तिला पाडून ठेवलं. पू गेला, दुखणंही गेलं. पाय अडीच इंचांनी आखूड झाला. हॉस्पिटलच्या चांभाराने उजव्या बुटाला तेवढा जाड तळ लावून दिला. दोन काठ्या आल्या. साचे गेले. स्टॅन्लीने खटपट करून तिला बसडेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसवलं. तिथं छत्र्या आणि टोप्यांबरोबर दर आठवड्याला तीन-चार काठ्या यायच्या. विनीला त्याचं फार नवल वाटे. ती मला म्हणाली होती, "पोरी, बसमध्ये काठी टेकत चढतात आणि उतरताना विसरून जातात. म्हणजे बस लागू पडते म्हणायची."

अडुसष्टच्या मे महिन्यात ॲग्नेसला तपासणीचं पत्र आलं. विनीला आलं नाही. ठरल्याप्रमाणे विनी तिच्याबरोबर आली आणि खिडकीपाशी जाऊन आपलं नाव सांगितलं. खिडकीत मिस क्रॅब्ट्री नावाची कारकून असायची. तिचा केसांचा अंबाडा इतका घट्ट की भुवया कायम वर ओढलेल्या.

"यादीत नाव नाही," मिस क्रॅब्ट्री म्हणाली.

"होतं."

"होतं. पण तुमचा खुबा फेब्रुवारी सदुसष्टला काढला. त्या दिवशी तुमची फाइल बंद झाली."

"मी बंद झालेली नाही."

"फाइल खुब्याची आहे, मिसेस पिलिंग. तुमची नाही."

विनी तिथंच बाकावर बसली. "मी थांबते," ती म्हणाली. कशासाठी थांबते ते तिने सांगितलं नाही आणि मिस क्रॅब्ट्रीने विचारलं नाही. तीन तासांनी थॉर्नबर जेवायला निघाले तेव्हा ती तिथंच होती. ॲग्नेसही होती. तिची तपासणी कधीच झाली होती, पण ती घरी जायला तयार नव्हती.

"काही त्रास होतोय का?" थॉर्नबरांनी विनीला विचारलं.

"नाही."

"मग?"

"तुम्ही म्हणाला होतात, कुणीतरी चालून दाखवलं की तुम्हाला कळेल. मी अजून चालते. बघायचं नसेल तर तसं सांगा."

थॉर्नबर खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "मिस क्रॅब्ट्री, यांचं नाव लिहा."

"कुठल्या यादीत?"

"नवीन यादी करा."

मिस क्रॅब्ट्रीने कोरं पान घेतलं, वर रेघ मारली आणि एक नाव लिहिलं. पुढची एकोणीस वर्षं त्या पानावर तेवढं एकच नाव होतं.

तपासणीत तीन गोष्टींना सहापैकी गुण द्यायचे. दुखणं, चालणं आणि सांध्याची हालचाल. सहा म्हणजे उत्तम. ॲग्नेसला दरवर्षी सहा, सहा, सहा मिळायचे. विनीला दुखण्यात पाच, चालण्यात तीन. हालचालीच्या रकान्यापाशी थॉर्नबर अडायचे, कारण सांधाच नव्हता. तिथं हाडाचं टोक नुसतं मांसात तरंगत होतं, आणि त्यामुळे ते सगळीकडे हलायचं. शेवटी त्यांनी सहा लिहिले. विनीने ते उलटं वाचलं आणि ॲग्नेसला म्हणाली, "यात मी तुझ्या बरोबरीची आहे."

पहिली काही वर्षं ॲग्नेस तिच्याशी चोरासारखी वागायची. चढावरून फिरायला गेलो, पोटमाळ्याचा जिना धुतला, असलं काही तोंडून निघालं की एकदम गप्प व्हायची. त्र्याहत्तर साली चौघं परत ब्लॅकपूलला गेली. ॲग्नेसचा नवरा दम्याने हैराण, तो बाकावरून उठायचा नाही. बँड सुरू झाला आणि ॲग्नेस म्हणाली, "आज मला काही नाचायचं नाही. पाय दुखतोय."

विनीने चहाचा कप खाली ठेवला. "कुठला?"

"हा. उजवा."

"तुझा डावा बदललाय. उजवा तुझा स्वतःचा आहे आणि तो कधी दुखत नाही. खोटं बोलायचं तर निदान अभ्यास करून ये."

ॲग्नेसच्या डोळ्यांत पाणी आलं. "विनी, तुझ्यासमोर मला—"

"माझ्यासमोर काय? माझा गेला म्हणून तू तुझा कपाटात ठेवणार आहेस? दोघींचे वाया गेले असं सांगू का मी थॉर्नबरला? ऊठ. स्टॅन्ली, हिला घेऊन जा."

स्टॅन्ली आज्ञाधारक माणूस. ती दोघं नाचायला गेली. विनी ॲग्नेसच्या नवऱ्याशेजारी बसून त्यांचे ओठ वाचत होती. हे तिनेच मला सांगितलं. मी विचारलं, काय बोलत होते? ती म्हणाली, "पहिल्या नाचात बटाट्याच्या पाईत कांदा आधी घालावा की नंतर. दुसऱ्यात काहीच नाही. स्टॅन्ली पावलं मोजत होता."

काठ्या घेताना म्हणाली, "मला वाटलं होतं वाईट वाटेल. थोडं वाटलं. मग चहा गार झाला."

अठ्ठ्याहत्तर साली स्टॅन्ली गेला. पुढच्या वर्षी थॉर्नबर निवृत्त झाले आणि मिस्टर ॲशवर्थ नावाचे तरुण सर्जन आले. त्यांनी ती एका नावाची यादी पाहिली आणि मला विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, "ही मिसेस पिलिंग." त्यांना तेवढ्याने काही कळलं नाही, पण मे महिन्यात ती स्वतःच आली आणि मग कळलं.

एक्याऐंशीमध्ये ॲशवर्थांनी तिला नवीन खुबा बसवून द्यायची तयारी दाखवली. आता औषधं सुधारली होती, पू मागे राहिलेला नव्हता.

"किती टिकेल?"

"पंधरा वर्षं तरी. पण पुन्हा पू होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. तो मी लपवत नाही."

तिने विचार करायला आठवडा मागितला. आठव्या दिवशी ब्लॅकपूलच्या मनोऱ्याचं चित्र असलेलं पोस्टकार्ड आलं. त्यावर लिहिलं होतं, 'नको. आत्ता कुठे याची सवय झालीय.'

पुढच्या मे मध्ये टेबलावर तिचा पाय सरळ करताना मी विचारलं, खरं कारण काय? ती म्हणाली, "पहिला गेला तेव्हा घरी स्टॅन्ली होता." एवढंच. मी म्हटलं, श्वास रोखा. तिने रोखला, मी बटण दाबलं.

चौऱ्याऐंशीच्या तपासणीत ॲग्नेसच्या फोटोत मला काळी रेघ दिसली. तिला खुबा घालून वीस वर्षं झाली होती. प्लॅस्टिकची वाटी झिजत झिजत पातळ झाली होती, आणि त्या झिजेच्या भुकटीने आजूबाजूचं हाड खाल्लं होतं. वाटीच्या वर अंड्याएवढी पोकळी. ॲग्नेसला मात्र काही दुखत नव्हतं. त्याच सकाळी ती टेकडी चढून आली होती.

ॲशवर्थांनी दोघींना आत घेतलं, कारण एकीला बोलावलं की दुसरी येतेच, हे ते शिकले होते. त्यांनी फोटो दाखवला. म्हणाले, हे आत्ता बदलायला हवं. थांबलात तर एक दिवस हाड कोसळेल, आणि मग बदलायला हाडच उरणार नाही.

"मला काही दुखत नाही," ॲग्नेस म्हणाली.

"हेच तर वाईट आहे, मिसेस हॅलिवेल."

"मी नाही करून घेणार."

"का?"

ॲग्नेस उठायला लागली. विनी म्हणाली, "सांग की. डॉक्टर विचारतायत."

"तू बाहेर जा."

"नाही जात."

मग ॲग्नेस तिच्याकडे वळली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गळ्यातला रुमाल पिळत होती. "सतरा वर्षं मी तुला बघतेय, विनी. तुला बस चढताना बघते, न्हाणीघरातून बाहेर येताना बघते. मला पण पू झाला तर? दरवर्षी या दारातून आत येताना मी मनात म्हणते, देवा, माझं हिच्यासारखं करू नकोस. तुझ्याबरोबर चालत येते आणि असं म्हणते. घे. आता सांगितलं."

ॲशवर्थ फोटोकडे बघत राहिले.

विनीने दोन्ही काठ्या माझ्या हातात दिल्या. खाली वाकून बुटाची नाडी सोडली. तिला त्याला वेळ लागायचा. मी पुढे झाले तर म्हणाली, "तू काठ्या धर." तो जाड तळाचा बूट तिने काढला, डावाही काढला, आणि मोज्यांवर उभी राहिली. आम्ही कुणीच तिला बुटाशिवाय उभी पाहिली नव्हती. ॲग्नेसनेही नाही. ती एका बाजूला इतकी कलली की मला वाटलं पडणार.

ती पडली नाही. टेबलापासून दारापर्यंत चालत गेली. प्रत्येक पावलाला उजवं अंग खाली बुडायचं आणि परत वर यायचं. दाराला हात लावला, वळली, परत आली. कपाळावर घाम होता. ती खुर्चीत बसली.

"सगळ्यात वाईट होऊन होऊन एवढं होतं," ती म्हणाली. "याच्या पलीकडे काही नाही, मी बघून आलेय. दिसतं भिकार, पण स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. सतरा वर्षं मी बाजार केलाय, नोकरी केलीय, नवऱ्याला पुरलंय. तुला कशाची भीती वाटते ते एकदा नीट बघून घे, आणि मग काय करायचं ते कर."

ॲग्नेसने नाक पुसलं. "भिकार तर दिसतंच," ती म्हणाली.

"म्हटलं ना मी."

"बूट घाल. गार लागेल."

बूट ॲग्नेसनेच घातले, गुडघ्यावर बसून. उठल्यावर ॲशवर्थांना म्हणाली, "तारीख द्या."

तिचं दुसरं ऑपरेशन पाच तास चाललं. पोकळीत हाडाचा चुरा ठासून नवी वाटी बसवली. तीन महिने तिला त्या पायावर भार द्यायचा नव्हता, आणि त्या तीन महिन्यांत विनी तिच्या घरी राहायला गेली. दोघींत मिळून चार काठ्या आणि दोन धड पाय, एकीचा डावा आणि एकीचा उजवा. मी भेटायला गेले तेव्हा चहा कुणी आणायचा यावर त्यांचं भांडण चाललं होतं, तोंडाने, बिनआवाजी. चहा मी केला.

शहाऐंशी साली ॲशवर्थांनी हॉस्पिटलच्या सगळ्या जुन्या खुब्यांचा अभ्यास पुरा केला. विनीला त्यांनी त्यातला आलेख मुद्दाम दाखवला. किती खुबे टिकले ते दाखवणारी रेघ वरून निघून पायऱ्यांसारखी हळूहळू खाली उतरत होती. वीस वर्षांनंतरही ती बरीच वर होती. बहुतेकांचे खुबे टिकले होते, किंवा माणूस जाईपर्यंत टिकले होते. ॲशवर्थांना त्याचा अभिमान होता आणि तो रास्त होता.

"यात मी कुठे?" विनीने विचारलं.

त्यांनी डावीकडे, अगदी सुरुवातीच्या एका बारीक पायरीवर बोट ठेवलं. "इथं. तिसऱ्या वर्षी."

तिने चष्मा लावून ती पायरी पाहिली. "एवढीशी?"

"यात तुम्ही आणि आणखी दोघं आहेत."

"ते कोण?"

ॲशवर्थांनी आलेखाखालची यादी चाळली, तीत नुसते नंबर होते.

"ते कसे आहेत आता?"

"माहीत नाही, मिसेस पिलिंग. खुबा काढला की आम्ही—"

"फाइल बंद करता. ठाऊक आहे मला." तिने चष्मा काढून डबीत ठेवला. "म्हणजे ज्यांचं बरं चाललंय त्यांना तुम्ही दरवर्षी विचारता, बरं आहे का. आणि आमचं बिघडलं, तर आम्हाला विचारत नाही."

ॲशवर्थ लाल झाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी मिस क्रॅब्ट्रीला तळघरातून जुन्या फायली वर आणायला सांगितलं. दोघांतला एक वारला होता. दुसरा पलीकडच्या गावचा निवृत्त पोस्टमन निघाला, हर्बर्ट निश्मित. सत्त्याऐंशीच्या मे मध्ये तो आला. त्याचाही खुबा रिकामा, पाय दोन इंच आखूड. वीस वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं. मिस क्रॅब्ट्रीने जुन्या पानावर विनीच्या खाली त्याचं नाव लिहिलं. बाकावर बसून त्याने आणि विनीने एकमेकांचे बूट तपासले. विनीचा निकाल असा होता की त्याच्या चांभाराने चामडं वाईट वापरलंय.

मी निवृत्त झाले तेव्हा त्या यादीत एकतीस नावं होती. काही लोकांना नवे खुबे बसवता आले, काहींना नुसते नीट बूट मिळाले. एका बाईला काहीच नको होतं, तिला फक्त एकदा पहिल्यापासून सगळं सांगायचं होतं. ॲशवर्थांनी ऐकून घेतलं. पाऊण तास लागला.

ॲग्नेस एक्याण्णवच्या हिवाळ्यात छातीच्या विकाराने गेली. शेवटच्या फोटोत तिची वाटी जागच्या जागी होती. त्या मे मध्ये विनी एकटी आली. मी फोटो काढला. जाताना ती म्हणाली, "चढ जरा वाढलाय का गं रस्त्याचा?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग ॲग्नेस बोलत असायची म्हणून कळत नसेल."

विनी शहाण्णव साली वारली, शहाऐंशी वर्षांची होऊन, दोन दिवसांच्या तापाने. प्रार्थना छोटी झाली. नंतर चर्चच्या मागच्या खोलीत चहा होता, हॅमचे पाव आणि मुरवलेले कांदे. ॲशवर्थ आले होते. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. हर्बर्ट निश्मित त्यांच्या शेजारी, दोन काठ्यांवर.

विनीची भाची माझ्यापाशी आली. ती दक्षिणेकडे कुठेतरी राहायची. तिने हळूच विचारलं, "त्या काठीवाल्यांच्या शेजारचे गृहस्थ कोण?"

"मावशीचे डॉक्टर," मी म्हटलं.

"असं? कशाचे उपचार चालू होते मावशीवर?"

"कशाचेच नाही. दरवर्षी भेटायचे."

तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं आणि पावाची थाळी पुढे केली. हॅम चांगला होता.